दर अपडेटनंतर ‘परमिशन डिनाइड’: इन्स्टॉल आज्ञेने करायचा कायमचा बंदोबस्त

रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या फाटकावर गेटपास छापणारा एक छोटा लिनक्स संगणक आहे. त्यावर चालणारा प्रोग्राम ठाण्यात, वागळे इस्टेटमधील कार्यालयात तयार होतो आणि त्याची नवी आवृत्ती कधी नेटवर्कवरून, तर कधी नेटवर्क बंद असल्यास पेन ड्राइव्हवरून ट्रान्स-हार्बर मार्गाने रबाळ्याला पोहोचते. नवी आवृत्ती बसवली, की पुष्कळदा तासाभरात फाटकावरच्या सुरक्षारक्षक काकांचा फोन येतो: “साहेब, पास निघत नाहीये, गाड्या थांबल्यात.” लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) असते, किंवा सिस्टमडी (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम, म्हणजे सेवा, सुरू-बंद करणारा लिनक्सचा भाग) ‘२०३/एक्झेक’ हा कोड दाखवून सेवा सुरूच करत नाही. मग कोणीतरी घाईने संपूर्ण डिरेक्टरीवर सीएचमॉड ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या देणारी आज्ञा) चालवतो, पास निघू लागतात, आणि पुढच्या अपडेटला तेच पुन्हा घडते.

हा प्रश्न एका कारखान्यापुरता नाही. महापे, तुर्भे, वागळे इस्टेट अशा ठिकाणी स्वतःचा प्रोग्राम स्वतःच सर्व्हरवर बसवणाऱ्या अनेक लहान कार्यालयांत तो याच रूपात दिसतो, म्हणून त्याचे कारण आणि उपाय येथे सविस्तर देत आहे. उबुंटू, डेबियन आणि ग्नू कोअरयुटिल्स (मूलभूत आज्ञांचा संच) वापरणाऱ्या इतर लिनक्स प्रणालींना हे सर्व लागू होते. आज्ञा आणि फाइलींचे पत्ते येथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकाव्यात. जेथे मोठे अक्षर लागते, तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

बिघाड नेमका कोठे होतो

फाइल जुन्या जागी नेण्यासाठी बहुतेक जण सीपी ही आज्ञा वापरतात, आणि गोंधळाचे मूळ तिच्या दुहेरी वागण्यात आहे. लक्ष्यस्थानी त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर सीपी तिच्यातील मजकूर बदलते, परंतु तिचा मालक, गट आणि परवानग्या होत्या तशाच ठेवते. फाइल नवी असेल, तर ती आज्ञा चालवणाऱ्याच्या मालकीची होते, आणि तिच्या परवानग्या मूळ फाइलीवरून घेऊन त्यांतून त्या वेळच्या यूमास्कने (नव्या फाइलींना कोणते हक्क द्यायचे नाहीत हे ठरवणारा आकडा) वगळलेले हक्क कमी केले जातात. त्यामुळे ज्या अपडेटमध्ये केवळ जुन्या फाइली बदललेल्या असतात ते सुरळीत पार पडते, आणि ज्यात एखादी नवी फाइल जोडलेली असते तेच अडते. “गेल्या वेळी तर याच पद्धतीने केले होते” हे वाक्य खरे असूनही त्याचा उपयोग होत नाही, तो यामुळे.

मूळ फाइलीच्या परवानग्या कशा ठरतात, हे तर त्याहूनही अनिश्चित आहे. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि त्या पद्धतीत युनिक्सचे मालक व परवानग्या साठवण्याची सोयच नाही. त्यावरील सर्व फाइलींना एकसारख्या परवानग्या दिसतात आणि त्या ड्राइव्ह कोणत्या पर्यायांनी जोडला आहे यावर ठरतात. टार संग्रह (अनेक फाइलींचे एकत्र गाठोडे) रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून उघडला, तर उलट घडते: तो ज्या संगणकावर बांधला गेला तेथील मालकाचे नाव सर्व्हरवर नसेल, तर त्याचा क्रमांक जसाच्या तसा उतरतो. मॅकवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक ५०१ असतो आणि उबुंटूवर १०००. सर्व्हरवर एलएस -एल केल्यावर मालकाच्या नावाच्या जागी नुसता ५०१ हा आकडा दिसला, तर ती फाइल बहुधा कोणाच्या तरी मॅकवरून आली आहे असे समजावे. सर्व्हरचा यूमास्क सुरक्षेसाठी ०७७ ठेवलेला असेल, तर सीपीने आणलेली नवी साधी फाइल ६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) आणि रूटच्या मालकीची होते, म्हणजे सेवा ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याला ती वाचताच येत नाही.

म्हणजे फाइल कोणत्या मार्गाने आली, यावर तिच्या परवानग्या ठरतात. माझे ठाम मत आहे, की परवानगी हा त्या फाइलीच्या प्रवासाचा परिणाम असता कामा नये. ती जेथे बसणार आहे तेथे, बसवण्याच्या क्षणीच, स्पष्ट शब्दांत ठरवली गेली पाहिजे. इन्स्टॉल ही आज्ञा नेमके तेच करते. पॅकेज बसवणाऱ्या एपीटीशी तिचा संबंध नाही. ती फाइलीची प्रत लक्ष्यस्थानी ठेवते आणि त्याच वेळी मालक, गट व परवानगी निश्चित करते. मूळ फाइलीच्या परवानग्यांकडे ती पाहतही नाही आणि यूमास्कचा शेवटच्या परवानगीवर परिणाम होत नाही.

दुरुस्तीआधी तपासणी

सीएचमॉड चालवण्याची घाई करण्याआधी, अडथळा फाइलीवर आहे की तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर, हे पाहावे. (आमच्या प्रोग्रामचे नाव ‘गेटपासडी’ आणि तो ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याचे नाव ‘गेटपास’ आहे.) त्यासाठी नेमआय ही आज्ञा फार उपयोगी आहे आणि दुर्दैवाने फार थोड्यांना ठाऊक आहे:

नेमआय -एल /ऑप्ट/गेटपास/बिन/गेटपासडी

ही आज्ञा मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीचा मालक, गट आणि परवानगी एकाखाली एक दाखवते. डिरेक्टरीवरील ‘एक्स’ म्हणजे आत प्रवेश करण्याचा हक्क. फाइल स्वतः ७५५ असली, तरी मधली एखादी डिरेक्टरी ७०० आणि रूटच्या मालकीची असेल, तर सेवेच्या वापरकर्त्याला दारातूनच परत फिरावे लागते. त्यानंतर प्रत्यक्ष त्या वापरकर्त्याच्या भूमिकेतून वाचून पाहावे:

सुडो -यू गेटपास कॅट /ईटीसी/गेटपास/सेटिंग.कॉन्फ

रूट म्हणून केलेली चाचणी येथे काहीच सांगत नाही, कारण रूटला बहुतेक परवानग्या अडवतच नाहीत. वाट आणि फाइल दोन्ही ठीक असूनही प्रोग्राम चालत नसेल, तर फाइंडएमएनटी -टी (येथे टी मोठा) हा पर्याय देऊन पुढे फाइलीचा पत्ता द्यावा. त्या विभाजनावर ‘नोएक्झेक’ लिहिलेले दिसले, तर तेथून कोणताही प्रोग्राम थेट चालणार नाही, परवानगी कितीही बदलली तरी. स्क्रिप्ट विंडोजवर लिहिलेली असेल, तर पहिल्या ओळीच्या शेवटी राहिलेल्या अदृश्य चिन्हामुळेही ‘२०३/एक्झेक’ येतो, आणि त्याचा परवानगीशी काहीही संबंध नसतो. उबुंटूवर अ‍ॅपआर्मर आणि फेडोराच्या परिवारात एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थांचे स्वतंत्र नियम असतात. साध्या परवानग्या निर्दोष असताना नकार येत असेल, तर जर्नलसीटीएल या आज्ञेने दिसणाऱ्या प्रणालीच्या नोंदींत ‘डिनाइड’ हा शब्द शोधावा.

७७७ ने काय बिघडते

सीएचमॉड ७७७ ने पास निघतात, हे खरे आहे. पण याच संगणकावरून रोजच्या नोंदींची प्रत एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारी सोय) ठाण्याच्या कार्यालयात जाते, आणि एसएसएचची खासगी किल्ली गटाला किंवा इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती किल्ली वापरण्यासच नकार देते. म्हणजे फाटकावरचा प्रश्न मिटतो आणि रात्रीची प्रत जाणे बंद होते, तेही कोणाच्या लक्षात न येता. जुने लॉग वेळोवेळी बाजूला काढणारा लॉगरोटेट गटाला किंवा इतरांना लिहिता येणारी सेटिंगची फाइल वगळतो, त्यामुळे लॉग वाढत वाढत डिस्क भरते. ठरलेल्या वेळी कामे चालवणारा डेबियन व उबुंटूचा क्रॉन अशी फाइल असुरक्षित ठरवून तिच्यातील कामे करतच नाही. शिवाय डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल त्या संगणकावरील कोणत्याही वापरकर्त्याला वाचता आणि बदलता येते. अतिरिक्त परवानगीमुळे कार्यक्रम बंद पडू शकतात, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते, म्हणून ती येथे मुद्दाम मांडली.

उपाय: प्रत्येक फाइलीसाठी एक ओळ

अपडेटच्या स्क्रिप्टमधील सर्व सीपी, सीएचमॉड आणि सीएचओन (मालक बदलणारी आज्ञा) काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी पुढील प्रकारच्या ओळी लिहाव्यात. पर्यायांची लांब रूपे मुद्दाम वापरली आहेत. वर्षभराने दुसऱ्या कोणी ही स्क्रिप्ट उघडली, तर त्याला अर्थ लावत बसावे लागू नये.

इन्स्टॉल --डिरेक्टरी --ओनर=रूट --ग्रुप=रूट --मोड=७५५ /ऑप्ट/गेटपास /ऑप्ट/गेटपास/बिन

इन्स्टॉल --ओनर=रूट --ग्रुप=रूट --मोड=७५५ गेटपासडी /ऑप्ट/गेटपास/बिन/

इन्स्टॉल --डिरेक्टरी --ओनर=रूट --ग्रुप=गेटपास --मोड=७५० /ईटीसी/गेटपास

इन्स्टॉल --ओनर=रूट --ग्रुप=गेटपास --मोड=६४० सेटिंग.कॉन्फ /ईटीसी/गेटपास/

इन्स्टॉल --ओनर=रूट --ग्रुप=रूट --मोड=६४४ गेटपास.सर्व्हिस /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/

इन्स्टॉल --डिरेक्टरी --ओनर=गेटपास --ग्रुप=गेटपास --मोड=७५० /व्हार/लिब/गेटपास

वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ अशी बेरीज मालक, गट आणि इतर या क्रमाने करायची असते. सेटिंगच्या फाइलीचा मालक रूट आणि गट ‘गेटपास’ ठेवण्यामागे विचार आहे: सेवेला ती वाचता यावी, पण प्रोग्राममध्ये दोष निघाला तरी स्वतःची सेटिंग तिला बदलता येऊ नये. लिहिण्याचा हक्क सेवेला फक्त /व्हार/लिब/गेटपासमध्ये लागतो, म्हणून तेवढीच डिरेक्टरी तिच्या मालकीची आहे. मालक बदलणाऱ्या ओळी रूटच्या हक्कानेच चालतात. साध्या वापरकर्त्याने त्या चालवल्यास ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर येते. स्क्रिप्टच्या आरंभी सेट -ई लिहावे, म्हणजे एखादी ओळ फसली तर स्क्रिप्ट तेथेच थांबेल आणि अर्धवट अपडेट पूर्ण झाल्याचा आभास होणार नाही.

पासवर्डच्या फाइलीसाठी या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. आधी सीपी आणि मग सीएचमॉड केल्यास, त्या दोन आज्ञांच्या मधल्या क्षणी फाइल सर्वांना वाचता येण्याजोगी असू शकते. ग्नूची इन्स्टॉल आज्ञा फाइल निर्माण करतानाच ती फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी ठेवते, मग मालक बदलते आणि शेवटी ठरवलेली परवानगी देते. हा क्रमही महत्त्वाचा आहे: सेटयूआयडी (मालकाच्या हक्कांनी चालण्याची खूण) लावलेल्या प्रोग्रामचा मालक नंतर बदलला, तर लिनक्स तो विशेष हक्क काढून घेते, आणि हाताने उलट्या क्रमाने केलेले काम त्यामुळे वाया जाते.

इन्स्टॉल वापरूनही अडचण येते तेव्हा

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे मोड न लिहिणे. मोड दिला नाही, तर इन्स्टॉल प्रत्येक फाइलीला ७५५ देते, कारण ही आज्ञा मुळात प्रोग्राम बसवण्यासाठी घडवलेली आहे. प्रोग्रामसाठी ते योग्य आहे. सेवेची फाइल किंवा सेटिंग यांच्यासाठी नाही. जर्नलमध्ये सिस्टमडीची ‘इज मार्क्ड एक्झिक्युटेबल’ अशी सूचना दिसली, तर सेवेची फाइल मोडविना बसवली आहे असे खुशाल समजावे. सेवा तरीही चालते, म्हणून या सूचनेकडे काणाडोळा होतो; परंतु त्याच स्क्रिप्टने एसएसएचची किल्ली बसवली असेल, तर तीही ७५५ झालेली असते आणि तेथे मात्र काम अडते. किल्लीसाठी मोड ६०० आणि मालक स्वतः सेवेचा वापरकर्ता, एवढे लिहिले की पुरते.

दुसरी गोष्ट अक्षरी मोडची. सीएचमॉडमध्ये ‘यू+एक्स’ लिहिले, की असलेल्या परवानग्यांत भर पडते. इन्स्टॉलमध्ये सुरुवात शून्यापासून होते, त्यामुळे --मोड=यू+एक्स लिहिल्यास मालकाला केवळ चालवण्याचा हक्क मिळतो आणि वाचण्याचा हक्क कोणालाच राहत नाही. अक्षरी रूप वापरायचेच असेल, तर ‘यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स’ असे पूर्ण लिहावे. मला आकडेच अधिक सुरक्षित वाटतात.

मधल्या डिरेक्टरींची अडचण ओळखायला सर्वांत कठीण आहे. समजा, पासांच्या पीडीएफसाठी /व्हार/लिब/गेटपास/पीडीएफ/जुने ही डिरेक्टरी एकाच ओळीत, मालक ‘गेटपास’ आणि मोड ७५० देऊन निर्माण केली, आणि तिच्या वरच्या डिरेक्टरी आधी अस्तित्वात नव्हत्या. दिलेला मालक आणि मोड फक्त शेवटच्या ‘जुने’ला लागू होतो. मधल्या ‘पीडीएफ’ला इन्स्टॉल आपले नेहमीचे ठरलेले (डिफॉल्ट) गुणधर्म देते, म्हणजे ७५५ आणि मालक रूट. मग ‘जुने’मध्ये फाइल तयार होते, पण ‘पीडीएफ’मध्ये नवी फाइल किंवा नवी डिरेक्टरी तयार करताना सेवा अडते. महिना बदलल्यावर नव्या महिन्याची डिरेक्टरी काढणारा प्रोग्राम नेमका १ तारखेला बंद पडतो, त्यामागे अनेकदा हेच असते. उपाय सोपा आहे: प्रत्येक पातळी त्याच ओळीत स्वतंत्रपणे, वरून खाली अशा क्रमाने लिहावी, जशी वर /ऑप्ट/गेटपास आणि /ऑप्ट/गेटपास/बिन ही दोन्ही नावे लिहिली आहेत. मोठ्या डीचा पर्याय देऊन फाइलीबरोबरच वाटेवरील डिरेक्टरी निर्माण केल्या, तरी हाच नियम लागू होतो.

लक्ष्य डिरेक्टरी अस्तित्वात नसेल आणि शेवटची तिरपी रेघ विसरली असेल, तर ‘बिन’ नावाची डिरेक्टरी होण्याऐवजी ‘बिन’ नावाची फाइलच तयार होते. --टार्गेट-डिरेक्टरी हा पर्याय वापरल्यास असा घोटाळा होत नाही. संपूर्ण डिरेक्टरी आतल्या सर्व फाइलींसह उचलण्याची सोय मात्र इन्स्टॉलमध्ये नाही; तसा प्रयत्न केल्यास ‘ओमिटिंग डिरेक्टरी’ असे सांगून ती पुढे जाते. चित्रे, फाँट अशा पुष्कळ फाइली असतील, तर फाइंड आज्ञेने केवळ फाइली निवडून प्रत्येकीसाठी इन्स्टॉल चालवावी.

नवी फाइल बसली, तरी जुनेच वर्तन

परवानग्या ठीक झाल्यावर पुढची तक्रार बहुधा अशी येते, की अपडेट झाले असूनही पासावर जुनाच मजकूर छापला जातो. चालू असलेल्या प्रोग्रामवर सीपीने नवी फाइल लिहू पाहिल्यास ‘टेक्स्ट फाइल बिझी’ असा नकार मिळतो. इन्स्टॉलला तो मिळत नाही, कारण ती आधी जुनी फाइल त्या नावावरून काढून टाकते आणि त्या जागी पूर्णपणे नवी फाइल ठेवते. आधीपासून चालू असलेली प्रक्रिया मात्र काढून टाकलेल्या जुन्या फाइलीलाच धरून राहते. एलएस -एल /प्रोक/प्रक्रियेचा क्रमांक/एक्झे असे पाहिल्यास पत्त्यापुढे ‘डिलीटेड’ लिहिलेले स्पष्ट दिसते. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी या दोन ओळी असाव्यातच:

सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड

सिस्टमसीटीएल रीस्टार्ट गेटपास

याच कारणाने डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी व्यवस्था) एकच सेटिंग फाइल बाहेरून जोडलेली असेल, तर कंटेनरला जुनीच फाइल दिसत राहते. तेथे फाइलीऐवजी तिची डिरेक्टरी जोडणे इष्ट. लक्ष्यस्थानी सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) असेल, तर तीही जाते आणि तिच्या जागी खरी फाइल येते. आवृत्त्या सिमलिंकने बदलणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

फाटकावरील काम दिवसा थांबवता येत नसल्यास --कम्पेअर हा पर्याय द्यावा. मजकूर, मालक आणि परवानगी तीच असेल, तर तो फाइलीला हातच लावत नाही. --प्रिझर्व्ह-टाइमस्टॅम्प्ससोबत मात्र तो चालत नाही. जुनी प्रत हाताशी राहावी यासाठी --बॅकअप आहे. त्याने आधीची फाइल नावाच्या शेवटी नागमोडी चिन्ह लावून तेथेच ठेवली जाते, आणि रबाळ्याहून फोन आला तर मागे फिरणे एका आज्ञेचे काम होते.

मॅकवर चाचणी करणाऱ्यांसाठी

ठाण्याच्या कार्यालयात स्क्रिप्ट मॅकवर लिहून तपासली जाते आणि रबाळ्यात ती उबुंटूवर चालते, अशी आमची नेहमीची व्यवस्था आहे. इन्स्टॉल ही आज्ञा प्रथम १९८३ च्या ४.२बीएसडीमध्ये आली आणि पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या समान मानकात तिचा समावेश नाही; त्यामुळे बीएसडी आणि ग्नू या दोन परिवारांत तिचे पर्याय वेगवेगळे वाढले. मॅकवरची आज्ञा बीएसडी परिवारातील आहे. वर दिलेली लांब रूपे आणि लक्ष्य डिरेक्टरीचा पर्याय तेथे गृहीत धरू नयेत. मोठ्या डीचा अर्थही बीएसडी परिवारात वेगळा आहे. लहान अक्षरांतील ओ, जी, एम आणि डी हे चार पर्याय दोन्हींकडे सारख्याच अर्थाने चालतात. स्क्रिप्ट दोन्हीकडे चालवायची असेल, तर तेवढ्यावरच भागवावे आणि डिरेक्टरी निर्माण करण्याची ओळ नेहमी स्वतंत्र ठेवावी.

स्क्रिप्ट चालवून झाल्यावर पुढील ओळीने निकाल पाहावा आणि तो अपडेटच्या नोंदवहीत चिकटवावा:

स्टॅट -सी '%ए %यू %जी %एन' /ऑप्ट/गेटपास/बिन/* /ईटीसी/गेटपास/* /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/गेटपास.सर्व्हिस

येथे ए आणि एन ही अक्षरे लहान, तर यू आणि जी मोठी टंकावीत. ही ओळ रूट म्हणून चालवावी. /ईटीसी/गेटपास ७५० असल्याने साध्या वापरकर्त्याला त्यातील फाइलींची यादी मिळणार नाही. प्रत्येक फाइलीपुढे परवानगीचा आकडा, मालक आणि गट येतो. पुढच्या अपडेटनंतर हीच ओळ पुन्हा चालवून दोन्ही निकाल डिफने (फरक दाखवणारी आज्ञा) ताडून पाहिले, तर बिघडलेली फाइल पास अडण्याच्या आधीच सापडते.